मुलांशी टेबलावर लढाई खेळायची तर नियम कुठले? आमचे तीन महिने

दिवाळी संपली की किल्ला मोडायचा हे आमच्या सोसायटीत ठरलेलं असतं. २०२४ च्या दिवाळीत पोरांनी पार्किंगच्या कोपऱ्यात विटा, पोती आणि लाल माती घालून राजगड केला होता, उतारावर हळीव पेरलेले, आणि चित्रं कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलेली. भाऊबीज झाली, दुसऱ्या दिवशी म्हणजे ४ नोव्हेंबरला आम्ही फावडं घेऊन खाली गेलो तर धाकटा (वय ८) किल्ल्यासमोर बसून राहिला. म्हणाला, आई, एवढे मावळे उभे केले पण लढाई झालीच नाही.

मला तेव्हा काही उत्तर सुचलं नाही. किल्ला मोडला, मावळे धुऊन खोक्यात भरले, पण वाक्य डोक्यात राहिलं. हे सगळं लिहितेय कारण पुढचे तीन महिने मी मुलांशी टेबलावर लढाई खेळायचे नियम शोधत होते आणि त्याबद्दल मराठीत मला काहीच सापडलं नाही, आणि अजून एखाद्या आईबाबाला हाच प्रश्न पडला तर त्यांचे निदान दोन रविवार वाचतील.

आधी हा खेळ काय ते सांगते. छोटे सैनिक टेबलावर मांडायचे, पट्टीने अंतर मोजून हलवायचे, फासे टाकून लढाईचा निकाल लावायचा, आणि सगळं खऱ्या इतिहासातल्या लढाईवर बेतलेलं. याला मिनिएचर वॉरगेम म्हणतात. १८२४ च्या आसपास प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या ट्रेनिंगसाठी नकाशावर असा खेळ खेळत होते, घरातला खेळ म्हणून तो इंग्लंडमध्ये वाढला. बुद्धिबळात घर ठरलेलं असतं, इथे टेकडी, नदी, जंगल आडवं येतं. मला तेच आवडलं. आमच्या मुलांना शिवाजी महाराजांच्या लढाया पाठ आहेत, पण थोड्या लोकांनी मोठी फौज कशी अडवली हे विचारलं की उत्तर येतं "शूर होते म्हणून". शूर होतेच, पण ती जागा का निवडली हेही कळावं असं मला वाटत होतं.

पहिला आठवडा नुसता वाचण्यात गेला. नियमांची इतकी पुस्तकं आहेत की घाबरायला होतं. शंभर-दीडशे पानं, त्यात कोष्टकं, कोष्टकांना अपवाद, अपवादांना पुन्हा तळटीपा. एक टिप आत्ताच देते, पुस्तक विकत घेण्याआधी कोणीतरी तो खेळ खेळतानाचा व्हिडिओ शोधा आणि एका खेळाडूची पाळी संपून परत त्याच्याकडे यायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा. आमच्या धाकट्याची हद्द तीन मिनिटं आहे. त्याच्यावर गेलं की तो टेबलाखाली असतो.

सुरुवात फुकटातल्या गोष्टीने केली. एच. जी. वेल्स, तोच टाइम मशीनवाला, त्याने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं छोटंसं पुस्तक लिहिलंय, खेळण्यातल्या सैनिकांशी जमिनीवर लढाई कशी खेळायची त्याचं. ते आता प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत मिळतं. त्यात फासेच नाहीत! स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडी काडी उडवायची, जो सैनिक पडला तो गेला. हातघाईत समोरासमोर आले की सरळ एकाला एक कापायचा. १० नोव्हेंबरच्या रविवारी हॉलमधली सतरंजी उचलली, पुस्तकांचे डोंगर केले, तशी तोफ आमच्याकडे नव्हती म्हणून कॅरमचा स्ट्रायकर टिचकीने मारायचा असं ठरवलं. तासभर घर दणाणून गेलं. पण मातीचे मावळे ते, स्ट्रायकर लागून तीन फुटले आणि एकाचा हात गेला, मग धाकटा रडला, मग ताईने (वय ११) फेव्हिकॉल आणलं. सहा-सात वर्षांची मुलं असतील तर मी आजही इथूनच सुरू करा म्हणेन, फक्त सैनिक प्लास्टिकचे हवेत आणि डोळे जपायचे, समोरच्याने मागे उभं राहायचं. आमच्याकडे मात्र ताईने दुसऱ्या दिवशी एक बरोबर बोट ठेवलं. म्हणाली, यात ज्याचा नेम चांगला तो जिंकतो, विचार केला काय आणि नाही केला काय.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. डी.बी.ए. म्हणून एक नियमावली आहे, १९९० साली पहिल्यांदा आली, प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांसाठी या छंदातले लोक तिला फार मानतात. दोन्हीकडे फक्त १२-१२ तुकड्या, दोन फूट बाय दोन फूट जागा पुरते, आणि दर पाळीला एक फासा टाकायचा, जेवढा आकडा तेवढेच हुकूम. ही कल्पना मला इतकी आवडली! सेनापतीला सगळ्यांना एकाच वेळी हलवता येत नाही, हे एका फाश्यात येतं. १७ नोव्हेंबरला बसलो. मी आदल्या रात्री एक वाजेपर्यंत वाचून टिपणं काढली होती. पण त्या नियमांची भाषा खूप आटवलेली आहे, एकेका वाक्यात चार अटी, आणि कोण कोणाच्या बाजूला टेकलंय, किती मागे सरकायचं हे मिलिमीटरमध्ये बघावं लागतं. मोठ्यांना त्यात मजा येईल, मलाही येत होती. मुलं माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. पाऊण तासाने ताई म्हणाली, आई, तूच खेळतेयस आमच्या दोघांचं. बंद केलं. एक हुकमांचा फासा तेवढा मी मनात जपून ठेवला.

याच दिवसांत मी एक घाई केली. मातीची चित्रं वेगवेगळ्या उंचीची, घोडेस्वार म्हणावे असे दोनच, म्हणून १८ नोव्हेंबरला परदेशातल्या एका दुकानातून १/७२ मापाच्या प्लास्टिक सैनिकांचे दोन बॉक्स मागवले, साधारण इंचभर उंचीचे येतात ते, एका बॉक्समध्ये चाळीसेक. सैनिक अकराशे पन्नास रुपयांचे, पोस्टेज साडेसहाशे. महिनाभर काही नाही. २० डिसेंबरला पत्र आलं की पार्सल कस्टममध्ये आहे, ऑर्डरची इनव्हॉइस, पैसे भरल्याची पावती आणि ओळखपत्राची प्रत पाठवा. पाठवली. ती पोचली नाही असं कळलं, परत पाठवली. शेवटी ९ जानेवारीला पोस्टमन काका पार्सल घेऊन आले आणि ड्यूटी आणि टॅक्स मिळून चौदाशेच्या आसपास भरले, म्हणजे सामान आणि पोस्टेज धरून जेवढी किंमत त्याच्या पाऊणपट. एकूण ५२ दिवस आणि जवळपास बत्तीसशे रुपये. तुम्ही मागवणार असाल तर ऑर्डर केल्याकेल्या इनव्हॉइस आणि बँकेचा मेसेज दोन्ही प्रिंट काढून ठेवा, आणि ड्यूटी आधीच हिशोबात धरा. खरं सांगायचं तर मागवू नका. का ते पुढे येतंच.

कारण सैनिक येईपर्यंत आम्ही थांबू शकत नव्हतो, मुलं रोज विचारत होती. मग ताईने ड्रॉइंगच्या कागदावर इंचभर उंचीचे सैनिक काढले, एका बाजूने चेहरा, एका बाजूने पाठ, मध्ये दुमडून उभे. एक पान काढलं आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून जाड कागदावर वीस प्रती आणल्या, दोनशे रुपये. चार इंच बाय दोन इंच पुठ्ठ्यावर सहा-सहा चिकटवले की एक तुकडी. रंगवायला दोघं चार संध्याकाळ टीव्हीशिवाय बसली. या कागदी फौजेवर त्यांचा जो जीव आहे तो त्या बत्तीसशेच्या बॉक्सवर आजही नाही.

आणि नियम सापडले ते याच आठवड्यात. नील थॉमस नावाच्या इंग्लिश लेखकाचं 'वन-आवर वॉरगेम्स', २०१४ चं पुस्तक. ई-बुक घेतलं, परवडलं. प्राचीन काळापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत नऊ काळांचे नऊ नियम-संच आणि ३० लढायांचे आराखडे आहेत, आणि एकेक संच मोजून थोड्या पानांत संपतो. टेबल तीन फूट बाय तीन फूट. एका बाजूला जास्तीत जास्त सहा तुकड्या, त्यांचे प्रकार चारच. एक तुकडी एक फासा टाकते, प्रकाराप्रमाणे त्यात दोन मिळवायचे नाहीतर दोन वजा करायचे, समोरचा जंगलात किंवा आडोशाला असला की निम्मे. जेवढे येतील तेवढे घाव, १५ घाव झाले की तुकडी टेबलावरून बाहेर. लढाई १५ पाळ्यांत संपते. बस.

२४ नोव्हेंबरला जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर टाकली, चादरीखाली पुस्तकं सरकवून टेकड्या केल्या, आणि मी सगळे नियम मराठीत एका फुलस्केप पानावर लिहिले. हे नक्की करा. मुलांच्या भाषेत, तुमच्या हाताने, एका बाजूला मावेल एवढंच. जे त्या पानावर मावलं नाही ते खेळायचंच नाही असं मी ठरवलं आणि तो निर्णय शेवटपर्यंत कामाला आला. घाव मोजायला कागदावर रेघा मारत होतो तर धाकट्याचा हिशोब चुकायचा आणि मग भांडण. आजीने डब्यातले चिंचोके दिले. फाश्यावर चार पडले की त्या तुकडीमागे चार चिंचोके ठेवायचे, पंधरा झाले की तुकडी उचलायची. आता धाकटा "अजून सहा हवेत" असं न मोजता सांगतो.

पहिली लढाई बेचाळीस मिनिटांत झाली. कोण जिंकलं ते मला आठवतही नाही, मला आठवतं ते हे की एकदाही कोणी टेबलाखाली गेलं नाही.

यात दोन गोष्टी मुलांना खटकल्या, त्या सांगायला हव्यात. एक म्हणजे सगळ्या तुकड्या दर पाळीला हलतात, त्यामुळे सगळं जरा ठरल्यासारखं होतं. तिथे मी तो हुकमांचा फासा घातला, एक-दोन पडले तर दोनच तुकड्या हलवायच्या, तीन-चारला चार, पाच-सहाला सगळ्या. दुसरं, पंधरा घाव होईपर्यंत तुकडी जशीच्या तशी लढते हे ताईला पटेना, दमत कसे नाहीत म्हणाली. मी तो नियम बदलायला गेले, कोष्टक करून बघितलं, मग पान भरलं म्हणून सोडून दिलं. काही प्रश्न मुलांपाशी तसेच राहू द्यावेत.

आता खरा अडसर. मोगल कोण होणार? माझा बारा वर्षांचा भाचा सुट्टीत आला होता, तो, ताई आणि धाकटा, तिघांनाही मराठेच हवेत. धाकटा तर मोगल व्हायचं म्हटल्यावर खोलीत जाऊन बसला. महाराष्ट्रात हा खेळ खेळायचा तर ही अडचण प्रत्येक घरात येणार, म्हणून सांगते, पहिली लढाई घरच्या इतिहासातली घेऊ नका. आम्ही ८ डिसेंबरला झेलमची लढाई घेतली, इसवी सन पूर्व ३२६, पोरस आणि सिकंदर. पावसाळा, फुगलेली नदी, समोरच्या काठावर पोरसाचे हत्ती, आणि सिकंदर छावणी तशीच ठेवून रात्री वरच्या बाजूने नदी ओलांडतो. हत्ती म्हटल्यावर सगळ्यांना पोरस व्हायचं होतं आणि रात्रीची युक्ती सांगितल्यावर सगळ्यांना सिकंदर. हत्तींसाठी आमचा घरचा नियम, हत्तीच्या तुकडीला पंधरा घाव झाले की ती लगेच उचलायची नाही, फासा टाकायचा, जी दिशा येईल तिकडे पिसाळून एक फूट धावणार आणि वाटेत जे येईल त्याला एक फासा घाव, मग ते आपले का असेनात. त्या दिवशी आमच्या घरी जेवढा आरडाओरडा झाला तेवढा वर्ल्डकपलाही झाला नव्हता.

जानेवारीत मी उंबरखिंडीची तयारी सुरू केली. २ फेब्रुवारी १६६१. शायिस्तेखान पुण्यात तळ देऊन होता, त्याने कारतलबखानाला कोकणात उतरायला पाठवलं, फौज घाट उतरून खोपोलीजवळच्या अरुंद रानवाटेत शिरली आणि महाराजांनी दोन्ही तोंडं बंद केली. शेवटी कारतलबखान खंडणी देऊन, सामान टाकून परत गेला. कॅलेंडर बघितलं तर २०२५ मध्ये २ फेब्रुवारीला रविवारच होता. मुलांनी ती तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर गोल करून ठेवली.

वाचताना मला रायबागन आठवली. माहूरच्या देशमुख घराण्यातली ही बाई मोगल फौजेत सरदार होती, त्या दिवशी खिंडीत होती, आणि आता शरण जाण्यातच शहाणपण आहे हे खानाला तिने सांगितलं असं शिवभारतात येतं. मी हे रात्री झोपताना सांगितलं. ताई उठून बसली. म्हणजे मोगलांकडून मी रायबागन होऊ शकते? मग दोघांना मी हेही सांगितलं की महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, माणसं दोन्हीकडे सगळ्या प्रकारची होती. धाकट्याने बराच वेळ छताकडे बघितलं आणि विचारलं, मग त्यांना ओळखायचं कसं? आम्ही त्यावर अर्धा तास बोललो. नियमांचं पुस्तक शोधायला निघाले होते तेव्हा हे बोलणं होईल असं मला वाटलं नव्हतं.

आता या लढाईत खान जिंकूच शकत नाही, मग त्याच्या बाजूने खेळणाऱ्याने करायचं काय? हे सोडवायला मला दहा दिवस लागले. शेवटी असं केलं. लढाई दोनदा खेळायची, बाजू बदलून. मार्क फक्त खानाचे मोजायचे. जी तुकडी दुसऱ्या टोकाने कोकणात निसटली तिचे ३ मार्क, शरण जाताना जी जिवंत आहे तिचा १, मेली तिचं शून्य. दोन डावांत खान म्हणून ज्याचे मार्क जास्त तो जिंकला. शरण कधी जायचं ते खान खेळणाऱ्याने ठरवायचं, कुठल्याही पाळीच्या सुरुवातीला. मोगलांच्या सहा तुकड्या एकामागे एक वाटेवर, बाजूला दाट रान. मराठ्यांच्या चार तुकड्या, पण टेबलावर नाहीत. मराठे खेळणाऱ्याने आठ चिठ्ठ्या रानात पालथ्या ठेवायच्या, चारांवर तुकडीचं नाव, चार कोऱ्या. हवी तेव्हा उलटायची.

२ फेब्रुवारीला सकाळी नऊला बसलो. आधी धाकटा मराठे. कोऱ्या चिठ्ठ्या पुढे आणि खऱ्या मागे ठेवायच्या हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. ताई सावधपणे पुढे सरकली, समोरच्या चिठ्ठीला घाबरून थांबली, आणि पाचव्या पाळीला मागून वाट बंद झाली. रानातल्या तुकड्यांना घाव निम्मे, तिच्या वाटेवरच्यांना पूर्ण. सातव्या पाळीला तिच्या दोन तुकड्या गेल्या होत्या, चार उरल्या. ती खूप वेळ पट्टी हातात धरून बसली होती. फासा तिच्या हातात होता, बाहेर पडायचं अंतर अजून तीन पाळ्यांचं. मग तिने पट्टी खाली ठेवली आणि म्हणाली, शरण. चार मार्क. दुसऱ्या डावात धाकटा खान झाला, त्याने शरण जायला साफ नकार दिला, घोडदळ सरळ पुढे घातलं, एक तुकडी निसटली, पाच कापल्या गेल्या. तीन मार्क. तो हरला आणि रडला नाही. उलट त्याने विचारलं की रायबागनने किती पाळ्यांनंतर सांगितलं असेल.

पुढच्या रविवारी, ९ फेब्रुवारीला, गाडी काढून उंबरखिंडीला गेलो. खोपोलीहून पालीच्या रस्त्याने जायचं, चावणी गावाजवळ स्मारक आहे, पाण्याची बाटली आणि टोपी घेऊन जा, ऊन लागतं. धाकट्याने खिशात पट्टी आणली होती. तो थोडा वेळ नुसता डोंगरांकडे बघत उभा होता, मग अंबा नदीच्या पात्राकडे वळून म्हणाला, आई, इथे नदी आहे, आपण टेबलावर ठेवलीच नाही.

घरी येऊन ताईच्या जुन्या निळ्या ओढणीची पट्टी कापली. फुलस्केपवर तळाला एक ओळ शिल्लक होती, तिथे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: नदीत शिरलं की थांबायचं, पुढच्या पाळीला बाहेर.